लेखण्या खाली ठेवेपर्यंत

आमच्या शब्दकोशाच्या कार्यालयात पडण्याचं काम माझ्याकडे होतं. पडण्याचं, ठेचकाळण्याचं, भेलकांडण्याचं, दचकण्याचं, झोकांडी जाण्याचं. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "जावईबापू नक्की करतात काय?" आणि बायकोनं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं होतं, "पडतात." त्या दिवसापासून सासूबाई माझ्यासाठी दुधाचा पेला वेगळा काढून ठेवायच्या. हाडं मजबूत राहावीत म्हणून.

कार्यालयात मला सगळे 'सर्कस' म्हणत. नाव चिकटलं ते कायमचं. पगाराच्या दिवशी शिपाईसुद्धा दारातून "सर्कसला बोलावलंय" असं ओरडायचा आणि मी मुकाट उठायचो.

हे काम निघालं ते थोरल्यांमुळे. थोरले म्हणजे कोशाचे पहिले संपादक. मी त्यांना पाहिलेलं नाही. भिंतीवरच्या फोटोतून ते आमच्याकडे बघत बसत, एवढीच ओळख. त्यांना जुन्या कोशांचा भयंकर राग होता. हिसका म्हणजे झटका, झटका म्हणजे धक्का, धक्का म्हणजे हिसका. वाचणारा बिचारा घाण्याच्या बैलासारखा गोल फिरतो आणि जिथून निघाला तिथेच येऊन उभा राहतो. म्हणून थोरल्यांनी नियम घातला: हालचालीचा शब्द आला की दुसऱ्या कोशात बघायचं नाही. एकानं ती हालचाल करून दाखवायची, तिघांनी बघायची. बघितल्यावर कुणीही अवाक्षर बोलायचं नाही, एकमेकांकडे बघायचं नाही, आपापल्या कागदावर अर्थ लिहायचा. आणि सगळ्यांच्या लेखण्या खाली ठेवून होईपर्यंत करणाऱ्यानं शेवटच्या स्थितीत जसंच्या तसं राहायचं. पडला असेल तर पडून. शेवटी तिन्ही कागद जुळवून वाचलेला अर्थ ऐकून करणाऱ्यानं 'बरोबर' म्हटल्याशिवाय तो शब्द छापायला जायचा नाही.

वेडेपणा म्हणा हवं तर. पण त्या वेडेपणातून जे निघायचं ते सोन्यासारखं असायचं. घागर घेऊन चालताना पाणी हिंदकळतं आणि भरलेलं पिंप सरकवताना डचमळतं, हा फरक आमच्या कोशात सापडतो, कारण मी दोन्ही करून फरशी भिजवली होती आणि दोन्ही वेळा ती मीच पुसली होती. 'दुडकी चाल' या शब्दासाठी मी खोलीभर घोड्यासारखा फिरलो, तेव्हा बघणाऱ्यांतल्या ताईंना हसू आवरेना, पण नियम म्हणजे नियम. त्या तोंडात पदर कोंबून लिहीत राहिल्या. घरी मी बायकोला याच्या गोष्टी सांगायचो. ती शिवणयंत्रावर बसलेली असायची. मी मधल्या दारात एक पाय वर करून थिजून उभा राहायचो आणि म्हणायचो, "लेखणी खाली ठेव, मग हलतो." ती कात्री खाली ठेवायची. मग मी हलायचो.

शब्दांची मुळं शोधायचं कामही माझ्याचकडे होतं, आणि त्यात मला एक गोष्ट फार लवकर कळली. झोके घेणाऱ्या शब्दांना घराणं असतं. हिंदोळा थेट संस्कृतातून आलेला. डोलणं त्याच्याच शेजारच्या आळीतलं, त्याचे आजोबा पणजोबा सगळे नावानिशी सांगता येतात. गचका, दणका, हिसडा यांच्यापुढे मात्र आम्ही लिहायचो, 'अनुकरणवाचक'. म्हणजे कुठलंसं चाक कुठल्याशा खड्ड्यात 'गच' आवाज करून गेलं, तो आवाज कुणाच्या तरी तोंडात राहिला आणि त्याचा शब्द झाला. त्यांना आईबाप नाहीत. ज्यांना धक्के बसतात त्यांची वंशावळ ठेवायला कुणाला वेळ असतो? मला त्या शब्दांची माया होती. मला दुसरं काहीच नीट येत नव्हतं हेही खरं. आम्हाला मूलबाळ नाही. मित्र म्हणावेत असे लोक त्या टेबलाभोवतीच बसत. त्या टेबलाशिवाय मी कोण, असा विचार मी कधी केला नव्हता, कारण तशी वेळच आली नव्हती.

त्या दिवशी दुपारी शब्द होता 'गचका'.

बघणारे तिघे नेहमीचेच होते. साहेब, म्हणजे आताचे संपादक. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, आवाज कधी चढवायचे नाहीत. ताई, ज्या वयानं साहेबांपेक्षाही मोठ्या, आणि ज्यांच्या अक्षराला सगळं कार्यालय भिऊन असे. आणि चष्मा, आमच्यातला सगळ्यात नवा, हुशार, जाड भिंगांचा, प्रत्येक गोष्टीत बारकावा शोधणारा. मी मनात सगळं ठरवून आलो होतो. गचका हा बसलेल्या माणसाला बसतो. तो गाडीत असतो, चाक खड्ड्यात जातं, गाडी अडते, आणि माणसाचा वरचा भाग मात्र अजून पुढेच निघालेला असतो. तेव्हा मी खुर्चीवर बसणार होतो आणि चष्म्यानं खुर्चीच्या पायाला लाथ घालायची होती. साहेब म्हणाले, "चला सर्कस, सुरू करा." मी खुर्ची आणायला भिंतीकडे निघालो.

खुर्चीपर्यंत मी पोचलोच नाही. डावा पाय माझा राहिला नाही. पाय होता, दिसत होता, पण दुसऱ्या कुणाचा तरी होता. अंग एका बाजूनं खाली ओढलं गेलं, खोली कलली, आणि मी फरशीवर होतो. दुखलं नाही. डावा कान फरशीला टेकलेला आणि समोर टेबलाचे चार पाय, ताईंच्या चपला, चष्म्याचे बूट. मला वाटलं, उठू या. उठता येईना. बोलू या म्हटलं, तर तोंडात जीभ एखाद्या ओल्या फडक्यासारखी पडलेली.

आणि मग मला लेखण्यांचा आवाज ऐकू आला.

तिघे लिहीत होते. मन लावून लिहीत होते. खोलीत दुसरा आवाज नव्हता. मी त्यांची वाट बघत होतो आणि ते माझी बघत नव्हते, इतकं साधं होतं ते. इतकी वर्षं मीच त्यांना शिकवलं होतं की सर्कस पडला की पडल्यासारखा पडतो, आणि मध्येच हलत नाही. मी न हलण्याबद्दल प्रसिद्ध होतो. एकदा तर पायावरून मुंगळा चढत होता तरी मी हललो नव्हतो, आणि त्याचं कौतुक साहेबांनी पाहुण्यांसमोर केलं होतं. आता हलायचं होतं. देवाशप्पथ हलायचं होतं. उजवा हात मी थोडा उचलला असावा, कारण ताईंची लेखणी थांबली आणि पुन्हा चालू झाली. हात उचलला हेही त्यांनी लिहिलं.

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. मग ताईंनी. चष्मा सगळ्यात शेवटी, त्याचा बारकावा संपेना. "झालं," साहेब म्हणाले. "सर्कस, आज तुम्ही कमाल केलीत. उठा." मी उठलो नाही. "राहू द्या हो," चष्मा म्हणाला, "पडूनच ऐकतील. आधी जुळवून घेऊ, म्हणजे परत बघता येईल." आणि त्यांनी जुळवायला घेतलं. ताईंनी वाचलं, साहेबांनी वाचलं. एका अंगानं की दोन्ही अंगांनी, यावर जरा चर्चा झाली. मग चष्मा खुर्ची मागे सरकवून माझ्याजवळ वाकला, आणि त्याचा आवाज अगदी हरखून गेलेला होता: "साहेब, तोंडसुद्धा वाकडं केलंय बघा! काय हा बारकावा! हे घालायलाच हवं."

"घाला, घाला," साहेब म्हणाले.

त्यांचा राग मला आजही येत नाही, असं मी लोकांना सांगतो. खोटं सांगतो.

शेवटी ताईंच्या लक्षात आलं. त्यांना माझं तोंड दिसलं नाही, माझी पँट दिसली. "अहो," त्या म्हणाल्या, "ओलं झालंय." शब्दासाठी कुणी पँट ओली करत नाही, सर्कससुद्धा करत नाही. त्यानंतर जी धावपळ झाली ती खरी होती. फोन, पाणी, पंखा, कुणीतरी माझे बूट काढले, ताई रडत होत्या, साहेबांनी स्वतःच्या मांडीवर माझं डोकं घेतलं. इस्त्रीची घडी मोडली.

रुग्णवाहिका आली. ड्रायव्हर घाईत होता, रस्ता फुटलेला होता, आणि मला तिथं झोपवून पट्ट्यांनी बांधलं होतं. आता बघा, माणसाच्या डोक्यात काय चालावं याला काही धरबंध नसतो. अर्धं अंग गेलेलं, आणि मी गाडीत मोजदाद करत होतो: हा हादरा. हा हिसडा, कारण तो बाजूनं आला. हा दणका, खालून, हाडापर्यंत. आणि मग गाडी एका मोठ्या खड्ड्यात गेली, अडली, आणि बांधलेला असूनही मी आतल्या आत पुढे गेलो. पोट, छाती, गळ्यापर्यंत आलेली किंकाळी, सगळं पुढे गेलं, आणि मी मागे राहिलो. गचका. अगदी जसा मला दाखवायचा होता तसा. बघायला तिघांपैकी कुणीच नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बायकोला सांगितलं की मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गाठ अडकली आहे, म्हणून डावी बाजू गेली. जीव वाचला आहे, बोलणंही बऱ्यापैकी येईल. आणि मग त्या म्हणाल्या, "थोडं आधी आणलं असतं, तर पाय बराचसा वाचला असता. या आजारात लवकर आणणं हेच खरं औषध." वाईट हेतूनं नाही म्हणाल्या. डॉक्टर बोलून जातात आणि दुसऱ्या खाटेकडे वळतात. ते वाक्य घरी न्यायचं असतं नातेवाइकांना.

संध्याकाळी साहेब आले. बायको त्यांच्यापुढे हात जोडून उभी राहिली. "तुम्ही होतात म्हणून हे वाचले," ती म्हणाली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग ते म्हणाले, "उठता उठता पडले. पडल्या पडल्या आम्ही सगळे धावलो." आणि मला विचारलं, "हो ना?" मी मान हलवली. ते माझ्या उशीजवळ वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "बरे व्हा. तुमचं टेबल तुमचंच आहे."

म्हणजे सौदा झाला. कुणी 'सौदा' हा शब्द उच्चारला नाही, आमच्याकडे सगळे शब्दाचे पक्के. पण मला कळलं होतं. बायकोला खरं कळलं असतं, तर तिनं मला त्या इमारतीची पायरी पुन्हा चढू दिली नसती. ती शांत बाई आहे, पण एकदा का तिनं दोरा तोडला की तो पुन्हा सुईत घालत नाही. आणि मला परत जायचं होतं. तेवढंच हवं होतं. अर्धं अंग गेलं तर गेलं, पण त्या टेबलावर माझी जागा राहिली तर मी अजून कुणीतरी असेन, असं मला वाटत होतं. तिकडचे माझेच, त्यांना बोल लावून मी राहू कुठे? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

पण उशीर झाला होता हे तर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आणि बायकोला तो उशीर कुणाच्या तरी पदरात घालायचा होता. तिनं तो ड्रायव्हरच्या पदरात घातला. "चहा पीत बसला असेल कुठेतरी मेला," ती म्हणायची. माझा मेहुणा आला. त्याला तक्रारी लिहायची भारी हौस; घरातला नळ गळला तरी तो वरपर्यंत अर्ज करतो. "भाऊजी, तुम्ही फक्त आडवे राहा, त्याला मी उभा करतो," असं म्हणून त्यानं अर्ज लिहिला. मला वाचून दाखवला. मी ऐकलं. मी उजव्या हातानं सही केली. पुढे कळलं की त्या माणसाला रुग्णवाहिकेवरून काढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशाच्या फाशीच्या कागदावर माझी सही. ज्याच्या गाडीत मला आयुष्यातला सगळ्यात खरा गचका बसला, तो माणूस आता काय करतो मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

मग ते दिवस आले ज्यांच्याविषयी सांगण्यासारखं काही नसतं. बायको सकाळी माझं सगळं उरकायची, मग यंत्रावर बसायची, मध्ये उठून मला कुशीवर करायची, परत बसायची. व्यायाम शिकवणारा माणूस येऊन माझा डावा हात वर नेई आणि सोडी; हात खाली पडे. "झटका द्यायचा नाही," तो म्हणायचा, "हळू." मी चाकाच्या खुर्चीत बसू लागलो. तोंडातून शब्द येऊ लागले, पण चावून आल्यासारखे. दुपारी कोणी नसताना मी ते शब्द म्हणून बघायचो, हेलकावा, हबका, भेलकांडणं. सगळं तोंडपाठ होतं. करून मात्र यातलं एकही दाखवता येत नव्हतं. एकदा मी गंमत म्हणून खुर्चीतच दचकल्याचं सोंग केलं, तर बायको शिवण टाकून धावत आली, माझी नाडी बघू लागली. "सोंग होतं गं," म्हटलं. ती जमिनीवर बसून रडली. त्यानंतर मी पुन्हा सोंग केलं नाही.

साहेब अधूनमधून फोन करायचे. ताई एकदाही आल्या नाहीत. चष्मा एकदा आला, फळं ठेवली, दारातच उभा राहिला आणि "काम फार आहे" म्हणून निघून गेला.

मग एके सकाळी साहेबांचा फोन आला. "पान छापायला चाललंय," ते म्हणाले. "सगळे शब्द झाले. फक्त गचक्यावर तुमचं 'बरोबर' राहिलंय. तुमच्याशिवाय अडलंय हो."

तुमच्याशिवाय अडलंय! हे वाक्य मी दिवसभर घोळवत बसलो. बायकोला तीनदा सांगितलं. तिनं माझा चांगला शर्ट काढला, इस्त्री केली, डाव्या बाहीत माझा हात अलगद घातला, बटणं लावली, केस विंचरले. "टेबलाजवळ बसवून घेतील ना तुम्हाला?" तिनं विचारलं. "मुळं शोधायचं काम तर बसूनच असतं." म्हटलं, हो. मी इतका आनंदात होतो की तिला ते बघून बरं वाटलं, आणि थर्मासमध्ये चहा भरून तीही माझ्याबरोबर निघाली.

खोली तशीच होती. टेबल, थोरल्यांचा फोटो, भिंतीशी टेकवलेली तीच खुर्ची. माझी जागा रिकामी होती. तिथं मला चाकाच्या खुर्चीसकट सरकवलं. बायको दाराजवळच्या बाकावर थर्मास मांडीवर घेऊन बसली. ताईंनी मान वर केली नाही. चष्मा भिंगं पुसत होता. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. नियमाची खोली ती. तिथं कुणी उगीच बोलत नाही.

साहेबांनी कागद उचलला आणि त्यांच्या त्या संथ आवाजात वाचलं. "गचका. अनुकरणवाचक. उभ्या किंवा चालत्या माणसाला शरीराच्या एका अंगानं अचानक बसणारा, तोल घालवून त्याच बाजूस जमिनीवर पाडणारा झटका. यात तोंड किंचित वाकडं होतं, एक हात उचलण्याचा निष्फळ प्रयत्न दिसतो, आणि पडलेला माणूस काही काळ निश्चल राहतो. कृती, सर्कस. निरीक्षक, तीन. तिघांनी स्वतंत्रपणे लिहिलं, एकमत." ते थांबले. मग म्हणाले, "इतका नेमका अर्थ आपल्या कोशात दुसरा नाही." त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तो अर्थ चूक होता. सपशेल चूक. गचका उभ्याला बसत नाही. त्यात कुणी वाकडं तोंड करत नाही. टेबलाभोवतीच्या चौघांपैकी हे फक्त मला माहीत होतं, आणि मी 'चूक' म्हटलं की नियमाप्रमाणे दोनच वाटा होत्या. एक, मी पुन्हा करून दाखवायचं. ते या जन्मात शक्य नव्हतं. दोन, मग त्या दिवशी तुम्ही जे केलंत ते काय होतं, ते सांगायचं. दाराजवळ बायको बसली होती. ती माझ्याकडे बघून हसत होती, इतक्या महिन्यांनी, कौतुकानं.

मला माहीत आहे, तुम्हाला वाटेल एवढ्याशा शब्दाचं काय घेऊन बसलात. पण माझ्याकडे दुसरं होतं काय? आयुष्यभर मी एकही अर्थ खोटा जाऊ दिला नव्हता. तो एकच माझा अभिमान. आणि तो टेबलावर ठेवून मला टेबल विकत घ्यायचं होतं.

"बरोबर," मी म्हणालो.

शब्द नीट फुटला नाही. साहेब पुढे झुकले. "काय म्हणालात?"

"बरोबर."

"स्पष्ट कळलं नाही, माफ करा. नियम आहे म्हणून विचारतो."

तिसऱ्यांदा म्हणालो. तेव्हा ताईंनी लेखणी उचलली आणि नोंद केली. मला त्यांचा हात दिसत होता. ते सुंदर अक्षर त्या दिवशी वेडंवाकडं येत होतं.

साहेबांनी कागद घडी करून पाकिटात घातला. मग खुर्ची माझ्याकडे वळवली आणि अगदी आपुलकीनं म्हणाले, "आता तुम्ही घरी आराम करायचा. हालचालीचं सगळं काम चष्मा बघेल, मुळंही तोच बघतो आता, हात बसलाय त्याचा. तुम्ही दगदग करायची नाही. कोशाच्या पहिल्या पानावर तुमचं नाव राहील, ही माझी जबाबदारी." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. डाव्या खांद्यावर. मला तो हात कळलाही नाही.

तेलही गेलं, तूपही गेलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर लाळ आली. चष्म्यानं पटकन हातरुमाल पुढे केला. बायको उठली, तिनंच पुसलं. साहेबांपुढे हात जोडले. "तुमचे उपकार आहेत," म्हणाली, पण वाक्य नेहमीसारखं सरळ आलं नाही, मध्येच कुठेतरी अडलं. मग तिनं खुर्ची वळवली आणि आम्ही बाहेर पडलो.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात कुणी नव्हतं. दोन्ही बाजूंना बंद दारं. अर्ध्यात आल्यावर खुर्ची थांबली. ती मागे होती, तिचा चेहरा मला दिसत नव्हता.

"तुम्ही मान हलवली होतीत, उठता उठता पडलात म्हणून," ती म्हणाली.

"हो."

"मग ते तुम्हाला बघत कसे होते? तिघेही?"

माझा उजवा हात चाकावर गेला.

"आणि हात उचलायला गेलात, ते त्यांनी बघितलं. बघून लिहिलं." ती सावकाश बोलत होती, कापड बेतताना बोलते तशी. "कुठपर्यंत लिहीत होते?"

नियम तिला ठाऊक होता. मधल्या दारात एक पाय वर करून मीच तो तिला शिकवला होता. तिच्याशी आता काय खोटं बोलणार?

"संपेपर्यंत," मी म्हणालो. "लेखण्या खाली ठेवेपर्यंत. मग जुळवलं."

तिचा श्वास मला ऐकू येत होता. "आणि मी त्या ड्रायव्हरला..." ती म्हणाली. थर्मास तिनं खाली फरशीवर ठेवला. खोलीच्या दिशेनं दोन पावलं गेल्याचा आवाज आला. मला वळता येत नव्हतं. मी उजवा हात मागे नेला, हवेतच.

"नको," मी म्हणालो. "अगं, नको जाऊ. काही बोलू नकोस त्यांना. कधीतरी परत बोलावतील मला."

पावलं थांबली.

ती परत आली. समोर येऊन उभी राहिली आणि मला बघत राहिली, शर्ट, बटणं, विंचरलेले केस, सगळं, जणू हे सगळं तिनं स्वतःच्या हातांनी केलं होतं हे तिला आठवतच नव्हतं.

"आणि तुम्ही आत बरोबर म्हणालात," ती म्हणाली. "तीनदा."

मग ती मागे गेली आणि खुर्ची ढकलू लागली. घरी आणलं, शर्ट काढला, औषध दिलं, कुशीवर केलं. त्या दिवसापासून ती माझं सगळं करते, काही म्हणजे काही कमी पडू देत नाही, आणि माझ्याशी बोलत नाही. खुर्ची त्या व्हरांड्यातच सोडून ती निघून गेली असती, तर मला बरं वाटलं असतं.